जुन्या गाडीच्या बॅटरी केबल आणि अर्थिंग केबल स्वतः बनवताना

बॅटरी नवी आहे, सेल्फ (स्टार्टर मोटर) उघडून त्याचे कार्बन ब्रश बदलून आणले आहेत, तरीही सकाळी इंजिन जड फिरते किंवा नुसता 'टक' आवाज होऊन सगळे थंड पडते. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत असे झाले की संशय केबलवर घ्यावा. त्यातही मधल्या तांब्यावर कमी आणि दोन्ही टोकांच्या जोडांवर जास्त. तयार केबल बाजारात मिळतात, पण जुन्या मॉडेलसाठी मिळणाऱ्या स्वस्त केबलमध्ये बऱ्याचदा तांबे कमी असते, लग (केबलच्या टोकाला बसणारे, बोल्टसाठी भोक असलेले धातूचे तुकडे) हातोडीने चेपलेले असतात आणि लांबी कुठल्याच गाडीला नेमकी बसत नाही. चांगला माल आणून केबल स्वतः बनवणे अवघड नाही. मात्र प्रत्येक टप्प्याला काय तपासायचे ते माहीत हवे.

उदाहरण म्हणून कार्बोरेटरची मारुती ८०० घेतली आहे: ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, १२ व्होल्टची ३५ अँपिअर-अवर बॅटरी, निगेटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह पोल बॉडी आणि इंजिनला जोडलेला. पद्मिनी, ॲम्बॅसेडर, जीप यांना हीच पद्धत लागू पडते. बदलते ते केबलचे माप, आणि ते पुढे दिले आहे.

आधी मोजा, मग कापा

मल्टिमीटर ओहमवर ठेवून बॅटरी केबल तपासण्यात काही अर्थ नाही. लहान पेट्रोल इंजिन फिरवताना सेल्फ साधारण १०० ते १५० अँपिअर ओढतो, पहिल्या झटक्याला त्याच्या दुप्पट किंवा जास्त. ५ मिलिओहमचा एखादा गंजका जोड साध्या मीटरला दिसतच नाही. पण १५० अँपिअरला तोच जोड ०.७५ व्होल्ट खातो आणि त्या एका जागी ११० वॅटहून जास्त उष्णता तयार होते. टेस्ट लॅम्पही इथे फसवतो. केबलमधल्या शेकडो तारांपैकी पाच-दहाच शाबूत असल्या तरी दिवा लख्ख लागतो, सेल्फ मात्र फिरत नाही.

म्हणून सेल्फ फिरत असताना व्होल्टेज कुठे पडते ते मोजायचे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा. इग्निशन कॉइलच्या पॉझिटिव्हला येणारी बारीक वायर काढून तिच्या टोकाला टेप गुंडाळा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. एका माणसाने किल्ली पाच सेकंद फिरवायची, दुसऱ्याने मीटर वाचायचा. सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि दोन वेळांमध्ये एक-दोन मिनिटे जाऊ द्या, नाहीतर सेल्फची वाइंडिंग तापते.

पहिले माप बॅटरीच्या दोन पोलांमधले. गाडी उभी असताना पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, आणि सेल्फ फिरताना ते ९.६ च्या खाली जाऊ नये. खाली जात असेल तर आधी बॅटरी चार्ज करून तपासा, केबलचा विचार नंतर. दुसरे माप बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोलपासून सेल्फच्या सोलेनॉइडवरील (किल्ली फिरवल्यावर सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचवरील) जाड केबलच्या स्टडपर्यंत. तिसरे निगेटिव्ह पोलपासून सेल्फच्या अंगापर्यंत किंवा इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत. या दोन्ही ठिकाणी सेल्फ फिरताना ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर त्या बाजूला दोष आहे. मीटरची पिन पोलच्या शिशावर टेकवायची, त्याच्याभोवती आवळलेल्या टर्मिनलवर नाही. मग तेच माप टर्मिनलवर पिन टेकवून पुन्हा घ्या. दोन आकड्यांतला फरक म्हणजे पोल आणि टर्मिनल यांच्यामधल्या जोडाने खाल्लेले व्होल्टेज. असे एकेक जोड सरकत गेले की दोष नेमका सापडतो, आणि पुष्कळदा पोल घासूनच काम भागते.

चौथे माप सहसा कुणी घेत नाही: इंजिनच्या धातूपासून बॉडीच्या धातूपर्यंत. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थ पट्टी तुटली की करंटला परतीचा रस्ता उरत नाही. मग तो मिळेल त्या वाटेने जातो: ॲक्सिलरेटर केबल, क्लच केबल, चोक केबल, स्पीडोमीटरची केबल. सेल्फ मारल्यावर यांपैकी एखादी केबल हाताला गरम लागली, ॲक्सिलरेटर अडकू लागला किंवा हेडलाइट लावताच तापमानाचा काटा हलला, तर इंजिनचे अर्थिंग गेले आहे. ॲक्सिलरेटरची किंवा क्लचची अशी केबल आतून भाजली की बदलावीच लागते. अर्थिंग दुरुस्त न करता नवी टाकली तर तीही तशीच जाते.

मापे एका कागदावर लिहून ठेवा, काम झाल्यावर लागतील.

तांबे ओळखणे

सगळ्यात सोयीची केबल म्हणजे रबरी आवरणाची तांब्याची वेल्डिंग केबल. तिच्या तारा बारीक असतात, त्यामुळे ती सहज वळते आणि इंजिनच्या थरथरीत लवकर तुटत नाही. भारतीय मानक आयएस ९८५७ हे वेल्डिंग केबलचे. आवरण एचओएफआर प्रकारचे, म्हणजे उष्णता, तेल आणि ज्वाला यांना तोंड देणारे, असे मागून घ्या. साधे पीव्हीसी ७० अंश सेल्सियसपर्यंतचे असते. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळ ते मऊ पडते आणि पुढे कडक होऊन चिरते. घराच्या मेन लाइनची जाड तारांची केबल गाडीत अजिबात वापरू नका. तिच्या मोजक्या जाड तारा लगच्या तोंडाशी एकेक करून तुटतात.

खरा धोका तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमचा. ही केबल वेल्डिंग केबल म्हणूनच विकली जाते आणि वरून तंतोतंत तांब्याची दिसते. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, लग प्रेस केल्यावर ॲल्युमिनियम हळूहळू दबत जाऊन जोड सैल पडतो, आणि ओल लागली की मुलाम्याखाली गंज धरतो. दुकानात करता येण्यासारख्या तीन परीक्षा आहेत. एक तार ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसले तर केबल परत करा. मात्र कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार बाहेरून चंदेरी आणि आतून लाल असते, ती उत्तम. दुसरी परीक्षा लायटरची: ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, तांबे १०८५ अंशांना. बारीक तार ज्योतीत धरली की ॲल्युमिनियमवाली मऊ होऊन लोंबते किंवा तिचा गोळा होतो, तांबे लाल होऊनही ताठ राहते.

तिसरी परीक्षा वजनाची आणि तीच सर्वांत भरवशाची, कारण तिच्यात मापातली चोरीही पकडली जाते. २५ चौरस मिमी केबलचा बरोबर १० सेंटिमीटरचा तुकडा कापा, आवरण काढा आणि फक्त तारा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. तांबे पूर्ण असेल तर २२ ग्रॅमच्या आसपास भरते. १८ भरले तर केबलवर २५ छापले असले तरी आत २० चौरस मिमीच आहे. ९-१० ग्रॅम भरले तर ते ॲल्युमिनियम. ३५ चौरस मिमीला हाच आकडा ३१ ग्रॅमच्या आसपास येतो.

पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लोहार चाळीत अशी केबल मीटरवर मिळते. तालुक्याच्या गावी वेल्डिंगचे सामान विकणाऱ्या दुकानात विचारा.

किती जाड

बारीक तारांच्या २५ चौरस मिमी तांब्याच्या केबलचा रोध मीटरला ०.७८ मिलिओहम असतो, ३५ ला ०.५५, ५० ला ०.३९ आणि १६ ला १.२१. हे आकडे २० अंशांचे. बॉनेटखाली ७५ अंश असताना त्यात वीस टक्क्यांहून थोडी अधिक भर पडते. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह मिळून एकूण लांबी १.२ मीटर धरली, तर २५ चौरस मिमीमध्ये १५० अँपिअरला जेमतेम ०.१४ व्होल्ट पडतात. मारुती ८०० ला एवढे भरपूर झाले. म्हणून बसवल्यानंतर कुठे अर्धा व्होल्ट पडताना दिसला तर केबल आणखी जाड करण्याच्या मागे लागू नका, जोड तपासा.

पद्मिनीलाही २५ चालते. पेट्रोल ॲम्बॅसेडरला ३५, डिझेल ॲम्बॅसेडर आणि डिझेल जीपला ५०, आणि बॅटरी सीटखाली किंवा डिकीत असेल तर इंजिन कितीही लहान असले तरी ५०. जुन्या ६ व्होल्टच्या गाड्यांत, उदाहरणार्थ दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप, तेवढ्याच ताकदीला दुप्पट करंट लागतो आणि परवडणारी घट निम्मी होते. तिथे ५० च्या खाली जाऊच नये, ७० मिळाली तर ती टाकावी. ६ व्होल्टच्या गाडीला १२ व्होल्टची बारीक तयार केबल लावली की 'या गाड्या उशिराच सुरू होतात' अशी समजूत पसरते. दोष गाडीचा नसतो.

उगाच जाड केबल घालण्यातही तोटा आहे. ५० ची केबल छोट्या सेल्फच्या स्टडवर आपले वजन टाकते, अरुंद जागेत वळत नाही आणि तिचा लग शेजारच्या धातूला टेकू शकतो.

अर्थिंगची केबल पॉझिटिव्हइतकीच जाड हवी. जितका करंट जातो तितकाच परत येतो. तरीही पॉझिटिव्हला २५ आणि अर्थला १० टाकलेल्या गाड्या सर्रास दिसतात.

लांबी आणि वाट

जुनी केबल काढण्याआधी फोटो काढा: कुठली केबल कुठून गेली, कुठल्या बोल्टला बसली, लगचे तोंड कुठल्या दिशेला आहे. बॅटरी सोडताना निगेटिव्ह टर्मिनल आधी काढायचे आणि जोडताना शेवटी लावायचे. पॉझिटिव्हचा बोल्ट सोडवताना पाना बॉडीला लागला आणि निगेटिव्ह अजून जोडलेले असले, तर पाना लाल होण्याइतका करंट क्षणात वाहतो. हातातली अंगठी, कडे, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवा.

जुन्या केबलची लांबी जशीच्या तशी उचलू नका. ती आधीच कुणीतरी बदललेली असू शकते, किंवा बॅटरीचा आकार बदललेला असतो. ठिबक सिंचनाची १२ मिमीची नळी नव्या केबलसारखीच वळते. तिचा तुकडा प्रत्यक्ष वाटेने घालून माप घ्या. सुतळी कोपऱ्यात काटकोनात मुडपते आणि केबल आखूड पडते. २५ चौरस मिमीची रबरी केबल बाहेरून साधारण ११-१२ मिमी जाड असते आणि तिला जाडीच्या सहापट, म्हणजे ७ सेंटिमीटर त्रिज्येचे वळण द्यावे. सेल्फ फिरताना आणि क्लच सोडताना इंजिन हलते, त्यामुळे इंजिनकडे जाणाऱ्या केबलला ४-५ सेंटिमीटर ढील ठेवा. ढील म्हणजे लोंबणारा फास नव्हे.

सेल्फच्या जाड केबलला फ्यूज नसतो. तिचे आवरण कुठे घासून तांबे बॉडीला लागले तर बॅटरीची सगळी ताकद त्या ठिणगीत जाते आणि गाडी पेटते. त्यामुळे वाट ठरवताना मॅनिफोल्डपासून किमान १० सेंटिमीटर लांब, पंख्याच्या आणि पट्ट्याच्या आवाक्याबाहेर, पत्र्याच्या धारेवरून न जाणारी अशीच शोधा. पत्र्याच्या भोकातून जावे लागले तर रबरी ग्रोमेट (भोकाच्या धारेवर बसणारी कडी) अनिवार्य. केबलवर खाचेदार प्लास्टिक पाइप चढवा आणि दर २०-२५ सेंटिमीटरला रबर लावलेल्या क्लिपने बॉडीला बांधा. पेट्रोलच्या पाइपला केबल कधीही बांधू नका.

पॉझिटिव्ह टर्मिनलवर जाड केबलबरोबर एक-दोन बारीक वायरीही असतात, अल्टरनेटर आणि फ्यूज बॉक्सकडे जाणाऱ्या. त्यांतल्या काहींत फ्युजिबल लिंक असते, म्हणजे शॉर्ट झाल्यावर स्वतः जळून बाकीचे वायरिंग वाचवणारा तुकडा. ती 'बारीक आहे' म्हणून जाड केबलने बदलायची नाही. तिच्या टोकाला नवा छोटा लग प्रेस करून तीच वायर पुन्हा लावायची.

लग आणि प्रेस

लग तांब्याचा, कथिलाचा मुलामा दिलेला, नळीसारखा आणि केबलच्याच मापाचा घ्या. २५ च्या केबलला २५ चा लग. भोक बोल्टप्रमाणे: सेल्फचा स्टड बहुधा ८ मिमीचा असतो, बॉडीचे बोल्ट ६ किंवा ८ मिमीचे. ६ च्या बोल्टवर १० च्या भोकाचा लग लावून वॉशरने झाकण्याची पद्धत वाईट. लग एका बाजूला सरकतो आणि टेकणारे क्षेत्र निम्मे होते. पत्र्याचे दुमडलेले, चकचकीत पिवळे स्वस्त लग टाळा. चांगल्या लगच्या नळीची भिंत जाड असते आणि त्यावर माप कोरलेले असते.

केबल कापायला केबल कटर वापरा. हॅक्सॉ वापरावाच लागला तर कापायच्या जागी टेप घट्ट गुंडाळून टेपवरच कापा, म्हणजे तारा विस्कटत नाहीत. लगच्या नळीच्या खोलीपेक्षा २ मिमी जास्त आवरण सोला. ब्लेड आवरणाच्या पूर्ण खोलीपर्यंत नेऊ नका. गोल खाच पाडून आवरण वाकवले की ते स्वतःच फाटते आणि तारा कापल्या जात नाहीत. तारा काळ्या किंवा हिरव्या दिसल्या तर तेवढा तुकडा टाकून पुढे सोला. काळ्या पडलेल्या तारांवर केलेला प्रेस सुरुवातीपासूनच कच्चा असतो.

बारीक तारांचा जुडगा फुगून लगमध्ये शिरत नाही, तेव्हा बाहेरच्या दहा-वीस तारा छाटून टाकायची सवय अनेकांना असते. तसे करू नका. तारा त्यांच्या मूळ पिळाच्या दिशेने घट्ट पिळा, टोकाला बारीक तांब्याची तार दोन वेढे गुंडाळा आणि लग फिरवत आत ढकला. वेढे मागे सरकत येतील, ते शेवटी काढून टाका. तरीही जात नसेल तर फाकलेल्या तोंडाचा लग आणा. उलट लग सैल होत असेल तर तारा दुमडून भरणे हाही इलाज नव्हे. एकतर लग मोठा आहे किंवा केबलमध्ये तांबे कमी आहे.

आता मुख्य काम. हायड्रॉलिक क्रिंपरमध्ये (लग दाबून केबलवर घट्ट बसवणाऱ्या यंत्रात) षटकोनी डाय, म्हणजे साचा, बसवून लग प्रेस करायचा. स्वतःचा क्रिंपर विकत घ्यायलाच हवा असे नाही; सोलर बसवणारे, इन्व्हर्टरवाले आणि पॅनल बनवणारे यांच्याकडे तो असतो आणि केबल घेऊन गेलात तर चार लग दहा मिनिटांत होतात. तारा नळीच्या टोकापर्यंत पोहोचल्या आहेत हे लगच्या छोट्या छिद्रातून पाहा. पहिला दाब लगच्या चपट्या भागाजवळ आणि दुसरा केबलच्या बाजूला, म्हणजे तांबे बाहेरच्या बाजूने पसरते, मध्ये अडकून नळी फुगत नाही. आखूड नळीला एकच दाब पुरतो.

स्वस्त क्रिंपरच्या डायवर २५ लिहिलेले असले तरी दाब कमी-जास्त पडतो. म्हणून एक लग वाया घालवा: तो प्रेस करून दाबाच्या मधोमध हॅक्सॉने कापा आणि कापलेला भाग पॉलिश पेपरवर घासा. आतल्या तारा गोल न राहता एकमेकींत दबून घट्ट षटकोनी ठोकळा झालेल्या दिसल्या पाहिजेत. तारांमध्ये काळ्या फटी दिसल्या तर एक माप लहान डाय वापरा. दोन्ही बाजूंना तांब्याचे पातळ पंख बाहेर आले तर डाय लहान पडला आहे. पंख किंचित असतील तर कानशीने काढा. ही परीक्षा न करता केलेला प्रेस चांगला की वाईट ते बाहेरून कळत नाही, आणि पंधराशे-दोन हजार किलोमीटर गेल्यावर कळून उपयोग नाही.

हातोडीने किंवा छिन्नीने चेपलेल्या लगमध्ये तारा फक्त मध्यभागी धरल्या जातात, दोन्ही कडांना हवा राहते. त्या हवेतून ओल शिरते.

डाक देण्याबद्दल: लगमध्ये कथील-शिसे वितळवून त्यात केबल बुडवायची जुनी रीत विजेच्या दृष्टीने वाईट नाही. पण वितळलेले सोल्डर तारांमधून वर चढते आणि लगच्या पुढे दोन-तीन सेंटिमीटर केबल सळईसारखी ताठ होते. ताठ भाग जिथे संपतो तिथे थरथरीने तारा तुटतात. त्यात ॲसिड फ्लक्स वापरला असेल तर तो आवरणाखाली राहून तांबे खात बसतो. शिवाय सोल्डर १८३ अंशांच्या आसपास मऊ होऊ लागते, आणि सैल बोल्टवरचा लग तेवढा तापू शकतो. बरोबर प्रेस केलेल्या लगला डाक लागत नाही. खराब प्रेसवर डाक ओतल्याने तो बरोबर होत नाही.

दुसऱ्या टोकाचा लग प्रेस करण्याआधी तीन गोष्टी आठवा. हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी), खाचेदार पाइप आणि रबरी टोपी केबलवर आधीच ओवलेली हवी. लांबी गाडीत पुन्हा एकदा धरून पाहा. आणि लगची दिशा ठरवा: जाड आखूड केबल नंतर पिळता येत नाही. एक लग आडवा आणि दुसरा उभा बसणार असेल तर केबल प्रत्यक्ष वाटेने घालून तिच्यावर आणि लगवर पांढऱ्या पेनने एक सरळ रेघ मारा, मग बाहेर काढून रेघ जुळवून प्रेस करा.

स्लीव्ह आतून गोंद असलेली, ३:१ आकुंचनाची घ्या, ५-६ सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. लगच्या नळीवर आणि केबलच्या आवरणावर ती निम्मी-निम्मी यावी. हीट गनने मधून कडांकडे तापवत जा आणि दोन्ही कडांतून गोंदाचा बारीक कंगोरा बाहेर आला की थांबा. तो कंगोरा म्हणजे आत पाणी जाणार नाही याची खूण.

बॅटरीचे टर्मिनल

पोलाचे माप पाहूनच टर्मिनल घ्या. जाड पोल तळाशी पॉझिटिव्ह १९.५ मिमी आणि निगेटिव्ह १७.९ मिमी असतो. बारीक पोल साधारण १४.७ आणि १३ मिमी. मारुती ८०० च्या बॅटऱ्यांत बहुधा बारीक पोल येतो. बारीक पोलावर जाड टर्मिनल लावून मध्ये पत्र्याची पट्टी, खिळा किंवा स्क्रू ठोकलेला दिसतो. अशा जोडात टेकणारी जागा दोन-तीन ठिपक्यांएवढी उरते. उलट, लहान टर्मिनल हातोडीने ठोकून बसवले तर पोलाचा आतला जोड तुटतो आणि बॅटरी फुकट जाते. टर्मिनल हाताने पूर्ण खाली गेले पाहिजे आणि पोल वर १-२ मिमी डोकावला पाहिजे.

दोन स्क्रूंच्या पट्टीखाली उघड्या तारा दाबायचे टर्मिनल फक्त रस्त्यात अडकल्यावर वापरायचे. उघड्या तारा ॲसिडची वाफ शोषतात आणि हिरवा गंज आवरणाखाली वीतभर चढतो. कायमसाठी ८ मिमीचा स्टड असलेले पितळी किंवा शिशाचे टर्मिनल घ्या आणि त्यावर प्रेस केलेला लग नटने बसवा. पुढे टर्मिनल खराब झाले तरी केबल कापावी लागत नाही.

अर्थिंगच्या जागा

बॅटरीच्या निगेटिव्हची जाड केबल थेट इंजिन किंवा गिअरबॉक्सला न्या, शक्यतो सेल्फ जिथे बसतो त्याच्या जवळच्या बोल्टला. बॉडीसाठी दुसरी केबल निगेटिव्ह टर्मिनलपासूनच काढा. मारुतीला १० चौरस मिमी पुरते, कारण तिच्यातून सेल्फचा करंट जात नाही. काही गाड्यांत निगेटिव्ह आधी बॉडीला जाते आणि तिथून पट्टीने इंजिनला. ती मांडणी ठेवायची असेल तर पट्टीही २५ चीच हवी. रत्नागिरी, मालवण, गोवा अशा किनाऱ्यावरच्या गाडीत उघडी विणलेली पट्टी लावू नये. खारट हवेत ती दोन-तीन पावसाळ्यांत हिरवी होऊन ठिसूळ होते. तिथे आवरणाची केबलच योग्य.

बॉडीवर बोल्टच्या भोवती २५ मिमी व्यासाचा रंग पूर्ण खरवडा, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. लग थेट त्या पत्र्याला टेकवा, त्यावर साधा वॉशर, मग दातेरी वॉशर, मग नट. लग आणि पत्रा यांच्यामध्ये वॉशर घालू नका, करंट त्याच्यातून जायला नको. पत्र्यात स्वतःच आटे पाडणाऱ्या स्क्रूवर अर्थिंग देऊ नका. भोक पडलेच असेल तर आरपार बोल्ट आणि मागे नट लावा. आवळून झाल्यावर उघडा राहिलेला पत्रा आणि लगची कड यांवर वरून रंग किंवा ग्रीस लावा. आवळण्याआधी नव्हे.

बसवणे आणि पुन्हा मोजणे

पोलावर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून ब्रशने धुवा, बॅटरीची बुचे घट्ट असल्याची खात्री करून, कारण तो सोडा आत गेला तर ॲसिड मारले जाते. कोरडे करून पॉलिश पेपरने पोल आणि टर्मिनलची आतली बाजू घासा.

आधी सेल्फचा स्टड, मग इंजिन आणि बॉडीचे अर्थ, मग बॅटरीचा पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. सेल्फचा स्टड तांब्याचा आणि मऊ असतो. छोट्या पान्याने बेताने आवळा. जोर लावला तर स्टड फिरतो आणि सोलेनॉइडच्या आतली जोडणी तुटते. स्टडवर रबरी टोपी चढवा. टर्मिनलवर वरून पेट्रोलियम जेली लावा आणि पॉझिटिव्हला झाकण घाला.

कॉइलची वायर अजून काढलेलीच ठेवून सुरुवातीची चारही मापे पुन्हा घ्या. चांगल्या कामानंतर पॉझिटिव्ह बाजू ०.१५ व्होल्टच्या आत आणि अर्थ बाजू ०.१ च्या आसपास येते. एखादा आकडा जास्त असेल तर पोल ते टर्मिनल, टर्मिनल ते लग, लग ते केबल असे एकेक जोड मोजा. एकाच जोडावर ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर तो उघडून पुन्हा घासा. पाच सेकंद सेल्फ मारून लगेच प्रत्येक लगला हात लावा. जो कोमट लागेल तोच दोषी.

काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत, जसे मॉरिस मायनर, पॉझिटिव्ह अर्थ असतो. तिथे बॉडीला जाणारी केबल पॉझिटिव्हची असते, सोडताना तीच आधी सोडायची. केबलचा रंग पाहून ठरवू नका, कुठला पोल बॉडीला जोडलेला आहे ते पाहा. अशा गाडीत कुणी नंतर अल्टरनेटर बसवून ध्रुव बदललेले असतील, तर उलट जोडणीने अल्टरनेटरचे डायोड त्याच क्षणी उडतात.

दोन आठवड्यांनी सगळे नट एकदा पान्याने तपासा. नवे तांबे आणि शिसे दाबाखाली थोडे बसते, त्यामुळे पाव फेरा फिरेल एवढी ढील मिळू शकते. त्यानंतर वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, हीच चार मापे घेऊन आधीच्या कागदावर पुढे लिहीत जा. आकडा ०.१ वरून ०.२५ वर गेला की जोड उघडायची वेळ झाली.